कॅल्शियमच्या गोळीची परीक्षा

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते. हाड पोखरणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो आणि हाड बांधणाऱ्या पेशी मागे पडतात. उपाय म्हणून कॅल्शियमची गोळी पुढे केली जाते. ती किती उपयोगी, हे अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या प्रकल्पात ३६,२८२ स्त्रियांवर तपासले गेले. निम्म्यांना रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम व ४०० एकक 'ड' जीवनसत्त्व, उरलेल्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. सरासरी सात वर्षे. निष्कर्ष २००६ साली आले. खुब्याची अस्थिघनता जेमतेम एक टक्क्याने अधिक भरली. खुब्याचे अस्थिभंग १२ टक्क्यांनी कमी झाले, पण एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. मुतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले.

यावरून कॅल्शियम निरुपयोगी, असा अर्थ अनेकांनी काढला. आम्हांला तो पटत नाही. या स्त्रियांना आधीच रोज सरासरी १,१५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळत होते. भरल्या हंड्यात तांब्याभर पाणी ओतून हंडा किती चढतो, हे पाहण्यासारखेच झाले! शिवाय निम्म्याहून अधिक जणी संप्रेरके घेत होत्या, आणि त्यांनीही हाडे राखली जातात. भाकरी, कालवण आणि चहापुरते दूध यांवर भागवणाऱ्या आपल्याकडच्या स्त्रीबद्दल हा प्रयोग काही सांगत नाही. (तिच्या भाकरीत नाचणी असेल तर बरे, १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते.)

गोळीचे समर्थक दुसरा आकडा दाखवतात: नेमाने गोळ्या घेणाऱ्यांत खुब्याचे अस्थिभंग २९ टक्क्यांनी कमी. येथेही सावध राहावे. चिठ्ठ्या टाकून केलेली वाटणी अशा निवडीने मोडते. दोन्ही गटांतल्या नेमस्त स्त्रिया इतर बाबतींत सारख्याच असतील, ही हमी उरत नाही.

राहिला व्यायाम. माल पुरवला तरी हाडावर भार पडल्याशिवाय बांधणीला जोर येत नाही. ऑस्ट्रेलियातील 'लिफ्टमॉर' प्रयोगात सरासरी ६५ वर्षे वयाच्या १०१ स्त्रिया होत्या. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा अर्धा तास जड वजने उचलली. मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती १.२ टक्क्यांनी घटली. मात्र येथे मोजली ती घनता. अस्थिभंग टळतात का, हे १०१ जणींवर आठ महिन्यांत कळणे शक्य नव्हते. आणि ही वजने प्रशिक्षकाच्या नजरेखाली उचललेली होती, हे आईला सांगताना विसरू नये.