घामाला टिकणारा चेहरा

चैत्राच्या तोंडावर नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या पडतात आणि जुन्नर-आंबेगावातल्या गावजत्रांच्या सुपाऱ्या ठरतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं हे गाव. इथल्या लावणीवर, ढोलकीवर पुष्कळ लिहिलं गेलं. कनातीमागे ट्रंकेवर बसून कलावंत स्वतःचा चेहरा स्वतःच रंगवतो, त्या कामाची दखल मात्र फारशी कुणी घेतली नाही.

तमाशाच्या गवळणीतली मावशी पाहा. पुरुष नट डोक्यावरून पदर घेतो, कमरेवर हात ठेवतो, आवाज बदलतो. चेहऱ्याला काहीही न चिकटवता मावशी उभी राहते. पण वगात राजा किंवा दरोडेखोर म्हणून यायचं तर सफेदा, काजळ आणि स्पिरिट गमने घाईत चिकटवलेली दाढी. रात्र चढते, घाम सुटतो आणि कल्ल्याजवळ दाढीची कड उचलू लागते.

सिनेमात हीच विद्या प्रोस्थेटिकपर्यंत गेली. नटाच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा, त्यावर मातीत सुरकुत्या घडवायच्या, मग त्यावरून केलेल्या साच्यात सिलिकॉन किंवा फोम लॅटेक्सचा तुकडा ओतायचा. खरी कसोटी कडेला असते: ती इतकी पातळ हवी की कातडीत विरून गेली पाहिजे. काढताना ही कड बहुधा फाटते, म्हणून रोज नवा तुकडा लागतो. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मधली (२०१८) भयंकर म्हातारी म्हणजे त्या थरांखालचा मोहम्मद समद हा मुलगा, पुढे पांडुरंगाच्या भूमिकेतही तोच. मराठी मातीतल्या गोष्टीत हे तंत्र इतकं अंगी लागलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

रंगभूषाकार विक्रम गायकवाड यांचं सामर्थ्य वेगळं होतं. ‘बालगंधर्व’ आणि ‘द डर्टी पिक्चर’ या २०११च्या दोन चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कुठे थांबायचं हे त्यांना कळत असे. ‘बालगंधर्व’मध्ये सुबोध भावे यांचे डोळे त्यांनी रंगाखाली बुजू दिले नाहीत. मे २०२५मध्ये ते गेले. आज ऐतिहासिक चित्रपटांची रांग लागली आहे, पण कित्येकांत क्लोज-अप येताच कपाळावरची विगची रेघ दिसते आणि सगळे सरदार एकाच दाढीचे वाटतात. उलट ‘नटरंग’ चित्रपटासाठी अतुल कुलकर्णींनी पैलवानाचं शरीर कमावलं आणि नाच्यासाठी ते उतरवलं. रबराच्या आधी नटाची मेहनत लागते, ती अशी.

तमाशाच्या फडाला मात्र सिलिकॉनचे चेहरे नकोत. एका रात्रीत चार सोंगं आणि दुसऱ्या दिवशी दुसरं गाव, तिथे ते परवडणारही नाहीत. त्याला हवी आहे बारीक जाळीवर केस गुंफलेली दाढी, जी नीट साफ केली तर वर्षानुवर्षं टिकते. साच्यातले पातळ लॅटेक्सचे व्रण. आणि कातडीला न जाळणारा गोंद. सांस्कृतिक कार्य संचालनालयाने आणि चित्रपटांतल्या रंगभूषाकारांनी एवढं करावं: फड नारायणगावात जमलेले असतात तेव्हाच राहुट्यांत जाऊन हे काम कलावंतांना हाताने शिकवावं.