लूई आर्मस्ट्राँग प्लेज डब्ल्यू. सी. हँडी

विख्यात अमेरिकन ट्रंपेटवादक व गायक लूई आर्मस्ट्राँग (१९०१–७१) याची पारंपरिक जॅझ संगीताची दीर्घ ध्वनिमुद्रिका. कोलंबिया कंपनीसाठी जॉर्ज अवॅक्यन या निर्मात्याने जुलै १९५४ मध्ये शिकागो येथे तिचे ध्वनिमुद्रण केले. ‘ब्लूजचा जनक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विल्यम क्रिस्टोफर हँडी (१८७३–१९५८) याच्या अकरा रचना तीत आहेत.

आर्मस्ट्राँगविषयी त्या सुमारास दोन्ही बाजूंनी नाराजी होती. ‘बीबॉप’ या नव्या शैलीचे पुरस्कर्ते त्याला गतकाळातील रंजनकार समजत. तर जुन्याचे अभिमानी १९२५–२८ मधील ‘हॉट फाइव्ह’च्या ध्वनिमुद्रिकांपलीकडे पाहण्यास तयार नसत. रंगमंचावरील त्याचा ठरीव कार्यक्रम पाहता या आक्षेपांत काही तथ्यही होते. अवॅक्यनने त्याला त्या चाकोरीतून बाहेर काढले, हे या ध्वनिमुद्रिकेचे खरे महत्त्व होय.

हँडीने निग्रो लोकगीतांतील सुरावटी स्वरलिपीत बांधून प्रसिद्ध केल्या. आर्मस्ट्राँग न्यू ऑर्लीन्सच्या उत्स्फूर्त वादनपरंपरेत वाढला. त्यामुळे लिखित रचनेची चौकट न मोडता तिच्यात प्राण कसा ओतावा, याचा वस्तुपाठच येथे मिळतो. ‘सेंट लूइस ब्लूज’ (१९१४) ही रचना येथे सु. नऊ मिनिटे चालते. जुन्या तीन मिनिटांच्या तबकडीवर असा विस्तार शक्यच नव्हता. १९२५ मध्ये बेसी स्मिथ हिने हेच गीत गायिले, तेव्हा तिच्या ओळींमधील मोकळ्या जागा आर्मस्ट्राँगने कॉर्नेटने भरल्या होत्या. येथे व्हेल्मा मिडल्टनच्या गायनाला तो तशीच साथ देतो. तिचा आवाज बेसीच्या तोडीचा नाही. तथापि तिच्या खेळकरपणामुळे गीताला नाट्य लाभते. ट्रमी यंगचे ट्राँबोनवादन दणदणीत, क्वचित भडकही वाटते. क्लॅरिनेटवादक बार्नी बिगार्ड मात्र अनेकदा उदासीन वाटतो.

तारुण्यातील स्वरांची आतषबाजी पन्नाशी ओलांडलेल्या आर्मस्ट्राँगने येथे टाळली आहे. मोजके स्वर, त्यांची किंचित विलंबाने केलेली फेक आणि भरदार नाद यांवर त्याची भिस्त आहे. ‘बील स्ट्रीट ब्लूज’ व ‘येलो डॉग ब्लूज’ यांत त्याचे गायन आणि ट्रंपेट यांची वाक्यरचना एकच असल्याचे जाणवते. तांत्रिक सफाईची अपेक्षा ठेवणाऱ्यास हे वादन साधे वाटेल. पण तसा साधेपणा त्याच्या पूर्वीच्या वादनात क्वचितच आढळतो.

१९८६ च्या सीडी-आवृत्तीत काही मूळ मुद्रणांऐवजी पर्यायी मुद्रणे वापरली गेली. १९९७ च्या आवृत्तीत मूळ रूप पुन्हा उपलब्ध झाले.