वधावधी आणि विवेक

कोणत्याही कलाकृतीची परीक्षा केवळ तिच्या विषयावरून करू नये, हे तत्त्व वाङ्मयाच्या प्रांतात आपण केव्हाच मान्य केले आहे. नाटकात खून आहे, एवढ्यावरून ते हीन ठरवावे असे कोणी सुज्ञ टीकाकार म्हणणार नाही. तो खून कथानकातून उद्भवला आहे की वरून चिकटविला आहे, इतकेच तो पाहील. परंतु संगणकावरील नेमबाजीच्या खेळांचा प्रश्न निघाला की हा न्याय आपण विसरतो. घरातील वडील मंडळी रक्तपात पाहून नाक मुरडतात, तरुण मंडळी चित्रांच्या हुबेहूबपणावर लुब्ध होतात. आणि तो खेळ खेळणाऱ्याच्या बुद्धीपासून काय मागतो, हा खरा प्रश्न दोघांच्याही दृष्टीआड राहतो.

या प्रश्नाचे मर्म एका अगदी लहान कालमानात साठविलेले आहे. पहिली गोळी लागल्यापासून प्रतिपक्षी पडेपर्यंत जो वेळ जातो, त्यास खेळाडू 'टाइम टू किल' म्हणतात. आपण त्यास वधावधी म्हणू. हा अवधी निसर्गाने दिलेला नसून खेळ रचणाराने ठरविलेला असतो. पद्याची चाल जशी वृत्तावर, तशी या खेळांतील युद्धनीती वधावधीवर अवलंबून असते.

प्रथम अल्प अवधीचे उदाहरण घेऊ. 'काउंटर-स्ट्राइक' हा खेळ १९९९ साली 'हाफ-लाइफ' या दुसऱ्या एका खेळाची हौशी पुरवणी म्हणून जन्मास आला आणि २००० साली व्हॉल्व्ह कंपनीने तो स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. २०२३ साली त्याची नवी आवृत्ती निघाली. पाच-पाच जणांचे दोन पक्ष असतात, आणि जो पडला तो त्या फेरीपुरता निव्वळ प्रेक्षक होतो. प्रत्येकाचे प्राणबळ १००. चिलखत घातलेल्या माणसाच्या छातीवर ए.के.-४७ बंदुकीच्या चार गोळ्या बसल्या की तो संपला. ही बंदूक मिनिटास ६०० गोळ्या झाडते; म्हणजे पहिल्या गोळीपासून चौथीपर्यंत ०.३ सेकंद जातो. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीस हाताने साधे उत्तर देण्यासच माणसास सुमारे ०.२ ते ०.२५ सेकंद लागतो. म्हणजे घायाळ झालेल्याच्या वाट्यास विचार करण्यापुरताही वेळ उरत नाही. आणि गोळी मस्तकी बसली तर तोही हिशेब नको.

यावरून हा खेळ निव्वळ हस्तचापल्याचा आहे असे कोणास वाटेल. वस्तुतः प्रकार उलट आहे. गोळी सुटल्यानंतर करण्यासारखे काही उरत नाही, म्हणून सारी बुद्धी गोळी सुटण्यापूर्वी खर्चावी लागते. कोणत्या कोपऱ्यावर नजर रोखावी, धुराचा पडदा कोठे टाकावा, पावलांचा आवाज केव्हा होऊ द्यावा, या बाजूस गलका करून त्या बाजूने केव्हा शिरावे, हे आधी ठरलेले असावे लागते. धावता धावता झाडलेल्या गोळीचा नेम चुकतो, म्हणून केव्हा थांबावे हीही एक विद्याच होते. अल्प वधावधीचा सद्गुण म्हणजे दूरदृष्टी.

याच्या उलट टोकास 'हेलो' हा २००१ साली निघालेला खेळ आहे. येथे योद्ध्याभोवती एक अदृश्य कवच असते. ते भंगले तरी काही काळ आडोशास राहिल्यास पुन्हा भरून येते. त्यामुळे पहिली गोळी हा निकाल नसून केवळ नोटीस ठरते. मागे सरावे, हातबाँब टाकावा की अंगावर धावून जावे, याचा निर्णय ऐन झुंजीत करावयाचा असतो. दीर्घ वधावधीचा सद्गुण म्हणजे सावरण्याची शक्ती. परंतु तिलाही मोल द्यावे लागते. एकास पाडण्यास वेळ फार लागू लागला, की एकट्याने दोघांस नमविणे दुर्घट होते आणि संख्याबळास महत्त्व येते. ही मापे किती नाजूक असतात पाहा: 'हेलो ३'चे एक रचनाकार जेमी ग्रीसमर यांनी २०१० साली खेळरचनाकारांच्या परिषदेत जे व्याख्यान दिले, त्याचा विषयच मुळी असा होता, की दूरवेधी बंदुकीच्या दोन गोळ्यांमधील अंतर ०.५ सेकंदावरून ०.७ सेकंद का केले. पंचमांश सेकंदावर एक संपूर्ण व्याख्यान! एका मात्रेसाठी रात्र घालविणाऱ्या कवीस याचे नवल वाटणार नाही.

आता गुणनिवडीकडे वळू. २००७ सालच्या 'कॉल ऑफ ड्यूटी ४' मध्ये खेळाडूस 'पर्क' नावाचे तीन विशेष गुण निवडता येत. त्यांत 'स्टॉपिंग पॉवर' हा गुण गोळीचा आघात शेकडा ४० नी वाढवी, तर 'जगरनॉट' हा गुण घेणाराची सोसण्याची शक्ती वाढवी. ४०चा आघात करणारी गोळी १०० प्राणबळाच्या माणसास तीन वेळा लागावी लागते. तोच आघात ५६ झाला की दोन पुरतात. एक गोळी वाचणे म्हणजे वधावधी निम्म्यावर येणे! मग हा गुण न घेण्याचे धाडस कोण करणार? शिवाय त्यावर उतारा म्हणून घेतलेला 'जगरनॉट' समोर आला की दोन्ही गुण एकमेकांस छेदून टाकीत, आणि उभयपक्षी निवड करूनही पाटी कोरी राही. २००९ सालच्या भागातून 'जगरनॉट'चा पर्क गेला आणि २०१० सालच्या भागातून 'स्टॉपिंग पॉवर'ही गेला, हे योग्यच झाले. जी निवड सर्वांस करावीच लागते ती निवड नव्हे, तो कर होय. जो गुण केवळ आकडा बदलतो तो निकृष्ट. पाऊल न वाजू देणारा किंवा भिंतीआडची चाहूल देणारा गुण मात्र विचाराची दिशाच बदलतो, म्हणून तो श्रेष्ठ.

गुण एकवटल्याने वधावधी कसा बिघडतो, हे 'ओव्हरवॉच' या २०१६ सालच्या खेळात दिसून आले. त्यात सहा जणांच्या संघाने तीन कवचधारी व तीन शुश्रूषक घेण्याची प्रथा पाडली. जखम होते न होते तोच भरून येऊ लागली, आणि ज्यांचे कौशल्य नेमात होते त्यांस संघात जागाच उरली नाही. अखेर २०१९ साली प्रत्येक भूमिकेस दोनच जागा असा दंडक कंपनीस घालावा लागला.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की हा सारा तज्ज्ञांचा काथ्याकूट आहे. तसे नाही. 'बॅटलफील्ड ५'च्या कर्त्यांनी २०१८ सालच्या डिसेंबरात वधावधी वाढविला, तो नवखे खेळाडू फार लवकर मरून खेळ सोडून जातात या चिंतेने. जुन्या खेळाडूंनी इतका गिल्ला केला की थोड्याच दिवसांत तो बदल मागे घ्यावा लागला. दोन्ही पक्षांची बाजू समजण्यासारखी आहे. नवख्यास शिकावयास अवसर हवा. मुरलेल्यास आपली साधना एका आकड्याने पुसली जाऊ नये असे वाटते.

आमच्या मते या वादाचा निर्णय शोकांतिकेच्या न्यायाने करावा. नायकाचा मृत्यू त्याच्या स्वतःच्या कृतीतून आला तरच तो अर्थपूर्ण. डोक्यावर अवचित कौल पडून आला तर तो केवळ अपघात. त्याचप्रमाणे वधावधी अल्प असो वा दीर्घ, पडलेल्या खेळाडूस आपण का पडलो हे कळले पाहिजे आणि पुढच्या वेळी निराळे काही करता येईल अशी वाट दिसली पाहिजे. काउंटर-स्ट्राइकमधील मृत्यू क्षणार्धाचा असला तरी तो चुकीच्या कोपऱ्यावर उभे राहिल्याचा दंड असतो, म्हणून तो शिकवितो. जेथे तसे कारण सापडत नाही, तेथे दोष खेळाडूच्या हाताचा नसून रचनाराच्या विवेकाचा आहे. मुलांच्या हातातील खेळ पारखू इच्छिणाऱ्या पालकांनी रक्ताचे थेंब मोजण्याऐवजी त्यांस एवढेच विचारावे: "आता हरलास तो कशाने?" उत्तर जर विचारपूर्वक आले, तर त्या खेळात विद्येचा अंश आहे असे खुशाल समजावे.