टिपणे आपली, वही कोणाची?

कागदाच्या टाचणवहीत एक गुण होता, तो आपल्या कधी लक्षातही येत नसे. वही कोणत्या कारखान्यात बांधली गेली याच्याशी आतल्या मजकुराचा काही संबंध नव्हता. कारखाना बंद पडला तरी वही वाचता येई. संगणकावर आणि मोबाईलवर टिपणे ठेवू लागल्यापासून हा गुण गृहीत धरता येत नाही. टिपणांच्या अ‍ॅप्सची परीक्षणे बहुधा दिसणे आणि सोयी यांच्याभोवतीच फिरतात. शिक्षकाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे प्रश्न दोन आहेत. आजचे टिपण वीस वर्षांनी उघडेल का? आणि शाळेतल्या संगणकावर व घरच्या मोबाईलवर ते सारखेच राहील का? या दोन कसोट्यांवर काही परिचित अ‍ॅप्स तपासून पाहू.

पहिला प्रश्न काल्पनिक नाही. एव्हरनोट हे २००८ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले अ‍ॅप अनेक वर्षे लोकप्रिय होते. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच्या विनामूल्य वापरावर ५० टिपणे आणि एक वही अशी मर्यादा घातली गेली. जुनी टिपणे वाचण्याची व बाहेर काढण्याची मुभा होती, हे नोंदवले पाहिजे. पण नियम बदलण्याचा अधिकार वही लिहिणाऱ्याकडे नव्हता, हेही तितकेच खरे.

यावर उपाय म्हणून मार्कडाऊनकडे बोट दाखवले जाते. जॉन ग्रूबर यांनी एरन स्वार्ट्झ यांच्या मदतीने २००४ मध्ये ही लेखनपद्धती मांडली. ओळीच्या आरंभी # हे चिन्ह दिले की शीर्षक, शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे दिले की ठळक अक्षर, आडवी रेघ दिली की यादी. फाईल मात्र साध्या मजकुराचीच राहते आणि कोणत्याही साध्या संपादकात उघडते. याचे मोल मराठी वाचकाला समजावून सांगावे लागू नये. १९९० च्या दशकात प्रत्येक फॉन्टचे संकेत वेगळे असत. तो फॉन्ट नसेल तर फाईलमध्ये निरर्थक चिन्हे दिसत. युनिकोडमुळे प्रत्येक अक्षरचिन्हाला कायमचा क्रमांक मिळाला. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट जागा घेते. ‘नोंद’ या शब्दात न, ओकाराची मात्रा, अनुस्वार आणि द अशी चार चिन्हे, म्हणजे १२ बाइट. प्रत्येकी २,००० चिन्हांची ५,००० टिपणे धरली तरी सुमारे ३० मेगाबाइट होतात. साऱ्या नोकरीतली टिपणे पेनड्राईव्हच्या एका कोपऱ्यात मावतील!

तथापि ‘मार्कडाऊन म्हणजे स्थलांतराची पूर्ण मोकळीक’ हा दावा अर्धाच खरा आहे. मार्कडाऊनच्या बोली अनेक झाल्या, म्हणूनच २०१४ मध्ये कॉमनमार्क हे प्रमाणीकरण करावे लागले. २०२० मध्ये आलेले ऑब्सिडियन टिपणे आपल्याच उपकरणावर, साध्या फाईलींत ठेवते. हा त्याचा मोठा गुण. पण टिपणांना जोडणारे दुवे ते दुहेरी चौकटी कंसांत लिहिते. अनेक अ‍ॅप्समध्ये ते नुसते कंसच उरतात. सेटिंगमध्ये साधे दुवे निवडता येतात, ते आरंभीच निवडावेत. प्लगइन नावाच्या पूरक आज्ञावल्यांची खास चिन्हेही अशीच मागे उरतात. जॉप्लिन हे मुक्तस्रोत अ‍ॅप आहे. लिहिणे मार्कडाऊनमध्ये, पण साठवण मात्र एका डेटाबेसमध्ये. त्यामुळे साध्या फाईली हव्या असतील तर मुद्दाम निर्यात करावी लागते. लॉगसेकच्या मार्कडाऊन फाईलींत प्रत्येक परिच्छेद यादीतला मुद्दा असतो, आणि दुसरीकडे नेल्यावर सलग निबंधही मुद्द्यांची यादी दिसू लागतो.

आपल्या दृष्टीने एक उणीव खुद्द कॉमनमार्कमध्ये आहे. क्रमवार यादीसाठी ते फक्त इंग्रजी आकडे ओळखते. ‘१.’ असे देवनागरीत लिहिले की तो साधा मजकूर समजला जातो. मजकूर नष्ट होत नाही, पण देवनागरी आकडे वापरणाऱ्यांचा विचार झालेला नाही हे स्पष्ट दिसते.

आता दुसरी कसोटी, सिंकची. समजा, प्रवासात नेटवर्क नसताना आपण मोबाईलवर एक टिपण बदलले आणि शाळेच्या संगणकावर त्याच टिपणात सहकाऱ्याने वेगळा बदल केला. यातले ‘ताजे’ कोणते? घड्याळ पाहून ठरवू म्हटले, तर ज्याची वेळ नंतरची त्याचे टिपण राहील आणि दुसऱ्याचे श्रम वाया जातील. शिवाय वेगवेगळ्या संगणकांची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. एकमेकांची खबर नसलेल्या दोन घटनांत आधी-नंतर असा क्रम मुळात ठरत नाही, हे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच दाखवून दिले होते.

म्हणून दोन्ही प्रती राखणारी अ‍ॅप्स अधिक प्रामाणिक म्हटली पाहिजेत. सिंकथिंग जुन्या वेळेच्या फाईलला वेगळे नाव देऊन जपते. जॉप्लिन वादग्रस्त प्रत वेगळ्या वहीत ठेवते. याचा वैताग येतो खरा, पण निवाडा माणसाच्या हाती राहतो. आपोआप एकत्रीकरण करणाऱ्या पद्धतींचे गणित सुंदर आहे. अंती सर्व उपकरणांवर एकच मजकूर येईल, याची हमी त्या देतात. मात्र तो मजकूर बरोबर असेल, याची हमी देत नाहीत. प्रयोगाच्या टिपणात ‘आम्ल १५ मिलि’ असे आहे. एकाने १ च्या जागी २ लिहून २५ केले, दुसऱ्याने ५ च्या जागी ० लिहून १० केले. अक्षर-अक्षर जुळवणारी पद्धत २० मिलि असे उत्तर देऊ शकते. असे कोणीच लिहिलेले नव्हते!

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. सिंक म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. एका उपकरणावर पुसलेले टिपण सिंकमुळे दुसरीकडेही पुसले जाते. महिन्यातून एकदा वेगळी प्रत काढून ती सिंकच्या बाहेर ठेवणे, याला पर्याय नाही.

एकूण निष्कर्ष असा. फाईलींवर थेट ताबा हवा असेल तर प्लगइनचा मोह टाळून ऑब्सिडियन वापरावे. त्याची मूळ आज्ञावली खुली नाही, पण टिपणे तिच्याविनाही वाचता येतात. मुक्तस्रोत आणि सिंकची जागा निवडण्याचे स्वातंत्र्य हवे असेल तर जॉप्लिन. मात्र दर सत्राअखेर निर्यात करावी. लॉगसेक मुद्द्यांतच विचार करणाऱ्यांसाठी. अ‍ॅप बदलण्यापूर्वी चित्र, सूत्र, तक्ता, दुवा आणि मराठी यादी असलेली दहा टिपणे नेऊन पाहावीत व तीच परतही आणावीत. परतीचा प्रवास ज्या अ‍ॅपमधून जमत नाही, त्यात टाचण ठेवू नये.

वरच्या वर्गांत हा प्रयोग सहज करता येईल. दोन मोबाईलचे नेटवर्क बंद करून एकच टिपण दोन गटांना बदलायला सांगा, मग नेटवर्क सुरू करा. काय उरले, काय गेले आणि ते कोणी ठरवले, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.