देणगी, डांबर आणि मेघडंबरी

मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याचा विषय निघाला की आपल्याला एकच गोष्ट आठवते: १८९६ साली चापेकर बंधूंनी त्याला फासलेले डांबर. डांबरापूर्वीचा पुतळा मात्र आपण पार विसरलो. तो इंग्रजांनी आपल्यावर लादलेला नव्हता. एका मराठी राजाने तो मुंबईला दिला होता. ही गोष्ट अडचणीची आहे, आणि म्हणूनच ती विस्मरणात गेली असावी, असा मला संशय आहे.

देणारे बडोद्याचे खंडेराव गायकवाड. सत्तावनच्या धामधुमीत ते इंग्रजांच्या पाठीशी उभे राहिले होते. त्या निष्ठेवर जणू या देणगीने मोहोर उठविली. घडविणारा इंग्रज शिल्पकार मॅथ्यू नोबल. १८७२ साली लॉर्ड नॉर्थब्रुकच्या हस्ते अनावरण झाले, तेव्हा दाता हयात नव्हता. पुढे तीनच वर्षांनी, १८७५ साली, याच नॉर्थब्रुकच्या कारकिर्दीत खंडेरावांचे बंधू मल्हारराव गादीवरून दूर केले गेले. निष्ठेची किंमत काय, हे इतक्या थोड्या अवधीत क्वचितच कोणाला कळले असेल.

शिल्प म्हणून नोबलची राणी मला मोठी वाटत नाही. सिंहासन आहे, राजवस्त्रांच्या चुण्या आहेत, हात सराईत आहे. पण ज्या बाईला घडवायचे तिच्याविषयी शिल्पकाराला कुतूहल वाटल्याची खूण नाही. तिचा दरारा पुष्कळसा त्या उंच गॉथिक मेघडंबरीचा होता. १९६५ च्या सुमारास ब्रिटिश पुतळे मुंबईच्या रस्त्यांवरून हलले. आज भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या परिसरात, मेघडंबरीवाचून बसलेली ही राणी पाहिली म्हणजे उसने वैभव कोणते आणि अंगचे कोणते, याचा निवाडा आपोआप होतो.

चापेकरांना मी या पुतळ्याचे पहिले खरे टीकाकार म्हणतो. येणारेजाणारे त्याला शोभेची वस्तू समजत होते; त्याचा अर्थ सत्ता हा आहे, हे या तरुणांनी अचूक ओळखले. डांबर निघता निघेना. अखेर ते काढले रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी. बडोद्याच्या कलाभवनाच्या उभारणीत त्यांचाच पुढाकार होता, आणि ते कलाभवन सयाजीरावांच्या, म्हणजे खंडेरावांच्या गादीवर दत्तक आलेल्या मुलाच्या, राज्यात निघाले होते. वडिलांच्या पिढीने परकीय राणीचा पुतळा दिला. मुलाच्या राज्याने देशी विद्या उभी केली. या दोन देणग्यांत पंचवीस वर्षांचेही अंतर नाही.

म्हणून या पुतळ्याकडे केवळ गुलामगिरीचे चिन्ह म्हणून पाहणे मला अपुरे वाटते, आणि केवळ कलावस्तू म्हणून पाहणे तर त्याहून अपुरे. देणारा आपला, काळे फासणारे आपले, धुणाराही आपला. राणी तेवढी परकी. हा इतिहास तिचा कमी आणि आपलाच अधिक आहे.