जनुकांची यादी आणि लोणारचे पाणी

सूक्ष्मजीवांची विविधता जनुकांवरून मोजण्याची पद्धती आता सर्वमान्य झाली आहे. कांदळवनातील गाळ असो वा खाऱ्या सरोवराचे पाणी असो, नमुन्यातील डी.एन.ए. काढावयाचे, त्यातील १६-एस आर-आर.एन.ए. जनुकाच्या प्रती वाढवावयाच्या आणि त्यांच्या क्रमावरून कुळे ओळखावयाची, असा हा मार्ग आहे. प्रयोगशाळेत न वाढणारे असंख्य जीव त्यामुळे प्रथमच गणतीत आले, हे तिचे श्रेय निर्विवाद होय. तथापि गणती म्हणजे जीवनवृत्तांत नव्हे, याचे विस्मरण होऊ लागले आहे.

विदर्भातील लोणार सरोवर हे याचे बोलके उदाहरण. बेसाल्ट खडकातील या अल्कधर्मी सरोवराच्या सूक्ष्मजीवांचा जनुकीय अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. जीवाणूंच्या अनेक कुळांबरोबर त्यांना मिथेन निर्माण करणारे आर्कियाही आढळले. पुढे जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची दखल घेतली, आणि नमुने नागपूरच्या 'नीरी' व पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. हा रंग क्षारप्रिय आर्कियांचा आहे, असा आघारकर संस्थेचा निष्कर्ष होता.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली अशी की, आर्किया हे जीवाणू नव्हेत; १९७७ मध्ये कार्ल वोज व जॉर्ज फॉक्स यांनी याच जनुकाच्या आधारे त्यांचा गट वेगळा दाखविला. केवळ जीवाणूंसाठी रचलेले प्रायमर वापरून केलेल्या 'विविधतेच्या' अभ्यासात रंगाचा खरा कर्ता बहुधा निसटलाच असता. दुसरी अशी की, मृत पेशींचे डी.एन.ए. गाळात टिकून राहते आणि या जनुकाच्या प्रती काही जातींत एकच, तर काहींत दहाहून अधिक असतात. यास्तव यादीतील टक्केवारी ही जिवंत पेशींची संख्या नव्हे, की त्यांच्या कार्याचे मापही नव्हे.

नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारचा समावेश रामसर स्थळांत झाला. सरोवरात कोणते पाणी येऊ द्यावे व कोणते अडवावे, याचा निर्णय एका दिवसाच्या नमुन्यावरून करणे धोक्याचे आहे. प्रत्येक ऋतूतील नमुने, त्यांसोबत क्षारता व सामू यांच्या नोंदी, आणि जनुकीय परीक्षेच्या जोडीला जिवंत जीवांचे संवर्धन, एवढे तरी अशा प्रबंधांकडून मागणे अवास्तव ठरू नये. पाण्यात कोण आहे हे जनुक सांगते. ते तेथे काय करीत आहेत, हे विचारण्याचे काम संशोधकाचेच राहते.