'असूडा'तील पाणी

जोतीराव फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाविषयी सुशिक्षित वाचकांचे मत बहुधा वाचनापूर्वीच ठरलेले असते. भिक्षुकशाहीवर आणि सरकारी अंमलदारांवर ओढलेले कोरडे एवढाच त्याचा लौकिक. त्यामुळे कोणी त्याची पूजा करतो, तर कोणी नाक मुरडतो. ग्रंथातील उपायांचा भाग मात्र उभय पक्षांकडून उपेक्षित राहतो. १८८३ साली लिहिलेल्या या ग्रंथाचे टिकाऊ धन आमच्या मते याच भागात, आणि विशेषतः त्यातील पाण्याच्या विचारात आहे. नवी मुंबईसारख्या, केवळ नळाच्या आधारावर वसलेल्या शहरातील कुटुंबांनी तर तो अवश्य वाचावा. तसे का, ते पुढे सांगतो.

फुल्यांची सूचना थोडक्यात अशी: सरकारने फौजेतील व पोलिसांतील रिकामी माणसे कामास लावून जागोजाग ताली व बंधारे घालावेत, व ते अशा बेताने की पावसाचे पाणी आधी शेतांत मुरावे आणि मग ओढ्यानाल्यांस मिळावे. मोडकळीस आलेले तलाव दुरुस्त करावेत. नदीतळ्यांतील गाळ शेतकऱ्यांस पूर्वीप्रमाणे नेऊ द्यावा. भूमीतील झरे ओळखणाऱ्या पाणाड्यांकडून मुलखाची पाहणी करवून, झऱ्यांच्या जागा नकाशावर नोंदवाव्यात आणि विहिरी खोदणारांस उत्तेजन द्यावे. हा ग्रंथकार पुण्याजवळील खडकवासल्याच्या धरणकामात स्वतः कंत्राटदार होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या सूचना वाचून सुचलेल्या नसून पाहून सुचलेल्या आहेत, याविषयी शंका राहत नाही.

फुल्यांच्या भाषेची विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जी थट्टा केली, ती या ग्रंथाच्या आधीची. तथापि तिची छाया या ग्रंथावरही पडली. वाक्ये लांबलचक, रचना सैल, शब्द कठोर हे आक्षेप सर्वस्वी खोटे आहेत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पाण्याच्या प्रकरणी हीच लांबण अर्थास पोषक होते. डोंगर, ताल, शेत, विहीर, गाळ, गायरान, गुरे यांचा परस्परसंबंध एका दमात सांगावयाचा, तर वाक्य लांबणारच. आज ज्यास पाणलोट क्षेत्राचा विकास म्हणतात, त्याचे बीज या वाक्यांत आहे. पाऊस पडल्या जागी मुरवावा हे तत्त्व राळेगणसिद्धी व हिवरे बाजार या अहिल्यानगर जिल्ह्यातील गावांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आचरून दाखविले, तेव्हा शहरी वर्तमानपत्रांस ते अपूर्व वाटले!

याहूनही आम्हांस महत्त्वाची वाटते ती मापाची गोष्ट. कालव्याचे पाणी शेतकऱ्यास वेळेवर मिळावे, पण प्रत्येकास त्याच्या शेताच्या मानाने एकेक तोटी करून द्यावी, म्हणजे गरजेहून अधिक कोणास घेता येणार नाही, असे फुले म्हणतात. घनमापाने पाणी देण्याच्या व्यवस्थेस महाराष्ट्रात कायद्याचे पाठबळ मिळण्यास जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचे २००५ साल उजाडावे लागले. शिवाय हा मापाचा आग्रह धरणाऱ्या मनुष्याने १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला होता. पाणी सर्वांचे आहे म्हणून ते मोजून द्यावयाचे, ही एकच बुद्धी दोन्ही ठिकाणी दिसते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी जो हक्क बजावला, त्याची परंपरा या हौदापर्यंत मागे जाते.

आता नवी मुंबईकडे वळू. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे-पनवेल खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांच्या भातशेतीवर व मिठागरांवर हे नगर उभे राहू लागले. आज महानगरपालिकेचे स्वतःचे मोरबे धरण आहे. पण ते शहरात नसून रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, धावरी नदीवर आहे. सिडकोच्या काही वसाहतींस पाणी येते ते पेण तालुक्यातील हेटवणे धरणाचे. महानगरपालिका सांडपाणी शुद्ध करून ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांस पुरविते, ही गोष्ट स्तुत्य होय. तेवढे गोडे पाणी वाचते. परंतु आपण पितो ते पाणी कोणत्या नदीचे, ती अडविताना कोणाची घरे व शेते गेली, हा प्रश्न तेथील किती घरांत निघत असेल?

येथेच ग्रंथाची मर्यादाही सांगितली पाहिजे. फुल्यांच्या चित्रात पाणी अडते तेथेच, निदान त्याच खोऱ्यात, ते शेतास लागते. एका खोऱ्याने बुडावे आणि दूरच्या शहराने सुख भोगावे, हा प्रसंग त्यांच्या लेखणीस आला नाही. १९२१ साली मुळशी पेट्यात टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला, सेनापती बापटांसारखे पुढारी तुरुंगात गेले, तरी धरण झाले. पाणी घाटाखाली भिरा येथे पडून वीज मुंबईस गेली. तोटी कितीही न्यायाने बसविली, तरी मूळ पाणी कोणाकडून घेतले याचा झाडा त्या तोटीत मिळत नाही. हे उत्तर 'असूडा'त शोधणे व्यर्थ आहे. ते आपणच द्यावयाचे आहे.

२८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वच्छ पाणी हा मानवी हक्क म्हणून मान्य केला. पृथ्वीवरील एकंदर पाण्यापैकी गोडे पाणी सुमारे अडीच टक्के, आणि त्यातीलही दोनतृतीयांशांहून अधिक बर्फात गोठलेले. तेव्हा हक्काबरोबर माप येणे अपरिहार्य आहे. आमच्या वाङ्मयात पावसाची गाणी विपुल, नदीची स्तोत्रेही विपुल. नळाच्या पाण्याचा हिशेब मागणारे ग्रंथ मात्र बोटांवर मोजण्याइतके. त्या थोड्यांत 'शेतकऱ्याचा असूड' अग्रगण्य आहे. शैलीचे दोष पदरात घेऊनही तो वाचावा. जे कुटुंब तो वाचील, त्यास निदान आपल्या घरचे पाणी कोठून येते हे विचारण्याची बुद्धी होईल. आणि मोरब्याच्या काठी ज्यांनी जमिनी गमावल्या त्यांची मागणी कानी आली, तर ती परक्याची कटकट म्हणून टाळणे त्यास कठीण जाईल.